मुलींच्या फुटबॉलमधली निवड: उंचीची नोंद, वाढीचा टप्पा आणि यादी कशी करायची

अकरा वर्षं अडीच महिने वयाच्या दोन मुली ट्रायलला आल्या आहेत असं समजा. एकीची उंची १५६ सेंटीमीटर, दुसरीची १३८. पहिलीची ढांग लांब, खांदा लावला की समोरची बाजूला होते, आणि लांब पासवर ती सगळ्यांच्या आधी पोचते. दुसरी पास येण्याआधी दोनदा मान वळवून मागे बघते, चेंडू लांबच्या पायावर घेते, पण शर्यत लागली की तीन पावलं मागे पडते. बहुतेक ठिकाणी यादीत पहिलीचं नाव लागतं. या दोघींकडे आपण पुढे पुन्हा येऊ, कारण हातात मोजपट्टी घेतली की हे चित्र बरंच बदलतं.

निवडीच्या बहुतेक पद्धती मुलांच्या फुटबॉलमध्ये तयार झाल्या. त्या जशाच्या तशा मुलींना लावल्या तर साधारण दोन वर्षं उशीर होतो, आणि हीच या विषयातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

मुलींचं वेळापत्रक

उंची सर्वात झपाट्याने वाढते तो काळ मुलांमध्ये सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलींमध्ये बाराव्या. त्याला पुढे आपण शिखरकाळ म्हणू. त्या काळात मुलींची उंची वर्षाला सुमारे ८ सेंटीमीटरच्या वेगाने वाढते, मुलांची त्याहून थोड्या जास्त. पहिली पाळी साधारणपणे शिखरकाळानंतर वर्षभराने येते, आणि तेव्हा बहुतेक मुलींची ५ ते ७ सेंटीमीटर वाढच शिल्लक असते. या सगळ्या सरासऱ्या आहेत. एकाच इयत्तेतल्या मुलींमध्ये हाडांच्या वयाचा, म्हणजे हाडं किती पक्की झाली यावरून ठरणाऱ्या वयाचा, फरक चार-पाच वर्षांचा असू शकतो.

म्हणजे तेरा-चौदा वर्षांखालच्या गटात तुम्ही पहिल्यांदा गंभीरपणे मोजमाप सुरू केलंत, तर निम्म्याहून अधिक मुलींचा शिखरकाळ होऊन गेलेला असेल. नोंदवही नवव्या-दहाव्या वर्षी उघडायला हवी.

दुसरा फरक शिखरकाळानंतरचा. मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि व्यायाम न करताही ताकद, वेग, उडी यांत भर पडते. मुलींमध्ये तसं आपोआप होत नाही. वजन वाढतं, कंबरेखालचा भाग रुंदावतो, शरीरातल्या चरबीचं प्रमाण वाढतं. हे सगळं निरोगी आणि अपेक्षित आहे, पण वजनाच्या मानाने पायांची ताकद काही काळ मागे राहते. मग ३० मीटरची वेळ सहा महिने, कधी वर्षभर तिथेच अडकते, क्वचित घसरतेही. अकराव्या वर्षी सगळ्यांच्या पुढे असलेली मुलगी तेराव्या वर्षी ‘मंदावली’ असं म्हणतात ते बऱ्याचदा याच काळाबद्दल. ती मंदावलेली नसते. तिला आधी मिळालेली आघाडी वाढीची होती, आणि आता बाकीच्या मुली त्याच टप्प्यावर येत असतात.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. जानेवारीत जन्मलेली मुलगी डिसेंबरातल्या मुलीपेक्षा अकरा महिन्यांनी मोठी असते, हा जन्मतारखेचा फायदा. लवकर वयात येणं ही वेगळी गोष्ट. जानेवारीतली मुलगी उशिरा वयात येणारी असू शकते आणि डिसेंबरातली लवकर. मुलींच्या फुटबॉलमध्ये जन्मतारखेचा परिणाम मुलांइतका ठळक दिसत नाही, म्हणून ‘आमच्या संघात सगळ्या महिन्यांतल्या मुली आहेत, आमची निवड न्याय्य आहे’ असं म्हणून थांबता येत नाही. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

मोजमाप: अर्ध्या सेंटीमीटरसाठी एवढी काळजी का

लागणारं सामान थोडं आहे. भिंतीला लावलेलं उंची मोजायचं स्टॅडिओमीटर असेल तर उत्तम. नसेल तर कठीण सपाट जमीन, खाली पट्टी नसलेली सरळ भिंत, न ताणली जाणारी पोलादी टेप आणि डोक्यावर ठेवायला सुताराचा गुण्या. हातात पुस्तक धरून मोजू नका, ते तिरकं होतं आणि तिथेच एक सेंटीमीटर जातो. बसल्या उंचीसाठी ४० ते ५० सेंटीमीटर उंचीचं, न हलणारं सपाट स्टूल.

१. वेळ ठरलेली ठेवा. दिवसभरात पाठीच्या चकत्या दबून उंची एक सेंटीमीटर किंवा त्याहून थोडी अधिक कमी होते. मागच्या वेळी सकाळी मोजलं असेल तर या वेळीही सकाळी, आणि सरावाआधीच.

२. बूट-मोजे काढायचे. अंबाडा किंवा उंच बांधलेली पोनीटेल सोडायला सांगायची. मुलींच्या नोंदींत अचानक दोन सेंटीमीटर वाढ दिसते आणि पुढच्या वेळी ती नाहीशी होते, तेव्हा कारण बहुधा केसच असतात.

३. टाचा, नितंब आणि पाठीचा वरचा भाग भिंतीला टेकलेला. डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत. हनुवटी वर गेली की उंची कमी भरते.

४. खोल श्वास घेऊन धरायला सांगा, गुण्या केसांना दाबून टाळूला टेकवा, आकडा एक दशांश सेंटीमीटरपर्यंत लिहा. मुलीला बाजूला करून पुन्हा उभी करा आणि दुसऱ्यांदा मोजा. दोन आकड्यांत ०.४ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तिसऱ्यांदा मोजून मधला आकडा घ्या. फरक कमी असेल तर दोन्हींची सरासरी.

५. बसल्या उंचीसाठी स्टूलवर पाठ भिंतीला टेकवून, हात मांडीवर, पाय मोकळे. पायाने जमीन रेटली किंवा नितंबाचे स्नायू आवळले तर मुलगी सहज एक सेंटीमीटर ‘वाढते’. मिळालेल्या आकड्यातून स्टुलाची उंची वजा करा. उभ्या उंचीतून बसली उंची वजा केली की पायांची लांबी मिळते.

मोजणारी व्यक्ती शक्यतो तीच ठेवा आणि ती बाई असावी. एका वेळी खोलीत एकच मुलगी, सोबत दुसरी एक मोठी व्यक्ती. पालकांची लेखी संमती आधी घ्या, आणि मुलीने नको म्हटलं तर नको.

वजनाबद्दल स्पष्टच लिहितो. ते एखाद्या सूत्रासाठी खरंच लागत असेल तरच घ्या. काट्याचा आकडा मोठ्याने वाचायचा नाही, फळ्यावर लिहायचा नाही, गटात त्यावर चर्चा करायची नाही. चिमट्याने चरबी मोजणं या वयोगटाच्या निवडीत कुठेच उपयोगी पडत नाही. ते बंदच करा. बाराव्या वर्षी कानावर पडलेला एक आकडा मुलगी पुढची कित्येक वर्षं मनात धरून बसते, आणि त्याची किंमत ती ताटातून मोजते.

वाढीचा वेग

दर महिन्याला मोजून घाईने निष्कर्ष काढणं ही उत्साही प्रशिक्षकांची हमखास चूक. एका महिन्यात मुलगी अर्धा-पाऊण सेंटीमीटर वाढते आणि मोजण्यातली चूकही जवळजवळ तेवढीच असते. तीन ते चार महिन्यांचं अंतर ठेवा.

हिशोब असा: दोन मोजण्यांतला फरक भागिले मधले दिवस, गुणिले ३६५. समजा ९२ दिवसांत १.९ सेंटीमीटर वाढ झाली. १.९ ÷ ९२ × ३६५, म्हणजे वर्षाला ७.५ सेंटीमीटर. आता यात अर्ध्या सेंटीमीटरची चूक धरा. फरक १.४ असता तर वेग ५.६ आला असता, आणि २.४ असता तर ९.५. एका टोकाला मुलगी शिखरकाळाबाहेर दिसते, दुसऱ्या टोकाला अगदी मधोमध. वरची ती केसांची आणि हनुवटीची कटकट एवढ्यासाठीच.

शरीर एकदम सगळीकडून वाढत नाही. आधी पावलं, मग पाय, आणि शेवटी धड. म्हणून पालकांना एक साधा प्रश्न विचारा: गेल्या सहा महिन्यांत बुटाचा नंबर किती वेळा बदलला? दोनदा बदलला असेल तर शिखरकाळ जवळ येतो आहे असं समजून पुढचं मोजमाप लवकर ठेवा. पायांची लांबी वाढते आहे आणि बसली उंची अजून जागची हललेली नाही, तर मुलगी शिखराच्या अलीकडे आहे. बसली उंची वेगाने वाढायला लागली की शिखर आलं किंवा नुकतंच गेलं.

कोण किती पुढे, कोण किती मागे

त्यासाठी दोन सोपे हिशोब आहेत आणि दोन्ही करावेत. एकट्याच्या भरवशावर राहू नये.

पहिला, शिखरकाळापासूनचं अंतर. मुलींसाठी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेलं सोपं सूत्र असं: वय वर्षांत, दशांशासह, गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, गुणिले ०.००४२२३२, आणि त्यातून ७.७०९१३३ वजा. उत्तर उणे आलं तर शिखरकाळ तेवढी वर्षं पुढे आहे, अधिक आलं तर होऊन गेला.

सुरुवातीच्या दोघींना हे लावून बघू. दोघींचं वय ११.२. उंच मुलीचं उत्तर येतं उणे ०.३३, म्हणजे शिखरकाळ चार महिन्यांवर. छोटीचं उणे १.१८, म्हणजे चौदा महिन्यांवर. फरक अवघा दहा महिन्यांचा, आणि इथेच या सूत्राची कमजोरी दिसते. ते सगळ्यांना सरासरीकडे ओढतं. लवकर वयात येणारीचा शिखरकाळ खऱ्यापेक्षा उशिरा दाखवतं, उशिरा येणारीचा खऱ्यापेक्षा लवकर. नेमक्या ज्या मुलींसाठी आपण हा खटाटोप करतो, त्यांच्याच बाबतीत ते सर्वांत जास्त चुकतं.

दुसरा, प्रौढ उंचीच्या किती टक्के उंची गाठली. ढोबळ अंदाजासाठी आई-वडिलांच्या उंचीची बेरीज करा, त्यातून १३ वजा करा आणि दोनाने भागा. उंच मुलीची आई १६० आणि वडील १७४. अंदाज १६०.५ सेंटीमीटर, आणि १५६ म्हणजे त्याच्या ९७ टक्के. छोटीची आई १६१, वडील १७६. अंदाज १६२, आणि १३८ म्हणजे ८५ टक्के. पहिलीची वाढ जवळपास संपत आली आहे, दुसरीची झपाट्याची वाढ सुरूसुद्धा झालेली नाही. आणि आज अठरा सेंटीमीटरने बुटकी असलेली मुलगी अंदाजाने दीड सेंटीमीटर उंचच निघते.

गोलकीपर निवडताना हे विशेष लक्षात ठेवा. अकराव्या वर्षी उंच म्हणून गोलमध्ये उभी केलेली मुलगी सोळाव्या वर्षी बऱ्याचदा सरासरी उंचीची असते, आणि मधली पाच वर्षं तिने मैदानावर खेळण्याचं शिक्षण गमावलेलं असतं. बारा वर्षांपर्यंत गोलची जागा आळीपाळीने द्या.

आई-वडिलांच्या सरासरीचा हा अंदाज आठ-साडेआठ सेंटीमीटर इकडे-तिकडे होऊ शकतो, म्हणून टक्केवारी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ समजू नका. खामिस-रोश पद्धत याहून बरी. त्यात मुलीचं वय, उंची, वजन आणि आई-वडिलांची उंची घालावी लागते, आणि तिचे तक्ते व तयार कोष्टकं सहज मिळतात. ती १९९४ ची, गोऱ्या अमेरिकी मुलांच्या मोजमापांवर बांधलेली. इतर समाजांतल्या मुलींसाठी वापरताना थोडं हातचं राखूनच वाचावं. पालकांची उंची विचारून लिहू नका, शक्य असेल तर मोजा. लोक स्वतःची उंची एक-दोन सेंटीमीटर वाढवूनच सांगतात. दत्तक मुलगी असेल किंवा एका पालकाची माहिती मिळत नसेल तर हा हिशोब सोडून द्या आणि वाढीच्या वेगावर भर द्या.

कामापुरते टप्पे असे धरता येतात: ८८ टक्क्यांच्या खाली, म्हणजे शिखरकाळाआधी. ८८ ते ९६ च्या दरम्यान, म्हणजे शिखरकाळाच्या आसपास. ९६ च्या वर, म्हणजे शिखर मागे पडलं. सूत्र, टक्केवारी आणि मोजलेला वेग या तिघांपैकी दोघं एकच सांगत असतील तर तो टप्पा धरा. तिघं तीन दिशांना जात असतील तर ‘ठरलेलं नाही’ असं लिहा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.

पहिली पाळी आली का, ही माहिती सर्वांत खात्रीची खूण आहे आणि सर्वांत खाजगीही. ती विचारायची असेल तर वैद्यकीय फॉर्ममध्ये, उत्तर न देण्याच्या मोकळिकीसह, आणि तो कागद फक्त डॉक्टर किंवा फिजिओकडे राहील अशा बेताने. निवड समितीसमोर ती जाताच कामा नये. समितीला टप्पा कळला की पुरे.

शिखरकाळातला सराव

वाढीच्या या नोंदी निवडीइतक्याच, खरं तर त्याहून जास्त, दुखापती टाळायला उपयोगी पडतात. महिन्याला ०.६ सेंटीमीटर किंवा जास्त वेग दिसला की त्या मुलीच्या नावापुढे खूण करा. हा आकडा मुलांवरच्या अभ्यासातून आलेला आहे, पण सावध होण्यासाठी मुलींनाही चालतो.

दुखणीही वाढीच्याच क्रमाने खालून वर येतात. आधी टाच: दोन्ही बाजूंनी तळहाताने दाबलं की कळ येते, आणि मुलगी सरावानंतर चवड्यावर चालते. मग गुडघ्याच्या वाटीखालचा उंचवटा: बोट लावलं तरी दुखतो, जिना उतरताना आणि चेंडू मारताना जास्त. दोन्हींचं मूळ एकच. हाडाच्या वाढीच्या कूर्चेवर स्नायूचा ओढा पडतो. अशा वेळी सगळं बंद करून घरी बसवणं हा उपाय नाही, आणि ‘वाढीचं दुखणं आहे, होईल बरं’ म्हणून दामटणं हाही नाही. दुखणं दहापैकी तीनपर्यंत असेल, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसेल आणि मुलगी लंगडत नसेल, तर उड्या आणि जोराचे लांब पल्ल्याचे फटके कमी करून चेंडूचं हलकं काम चालू ठेवा. लंगडत असेल तर त्या दिवशी थांबायचं. दोन आठवड्यांत उतार नसेल, रात्री दुखत असेल किंवा सूज असेल तर डॉक्टर.

एकूण खेळाची बेरीज कुणीच करत नाही, ही मोठी अडचण. शाळेचा संघ, क्लबचा संघ, वरच्या वयोगटाचा संघ आणि शिवाय ॲथलेटिक्स. प्रत्येक प्रशिक्षकाला स्वतःचेच तीन तास दिसतात. एक साधा नियम चालवा: आठवड्यातले संघटित खेळाचे तास मुलीच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत. बारा वर्षांच्या मुलीला बारा तास ही वरची हद्द आहे, आणि शिखरकाळात त्याच्याही बऱ्याच खाली राहावं.

यापेक्षा गंभीर प्रश्न गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाचा. तो फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दोन ते तीन पट आहे आणि शिखरकाळानंतर ते वाढत जातं. बहुतेकदा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. मुलगी थांबते, वळते किंवा उडीनंतर उतरते, आणि गुडघा आत जातो. यावर चांगला पुरावा असलेला उपाय आहे. ‘फिफा ११+’ या सरावपूर्व व्यायामक्रमाची चाचणी नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर झाली आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी झाल्या. स्वीडनमध्ये १२ ते १७ वर्षांच्या चार हजारांहून अधिक मुलींवर पंधरा मिनिटांचा असाच कार्यक्रम आठवड्यातून दोनदा राबवला, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात एसीएल फाटण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी दिसलं.

११+ मध्ये तीन भाग आहेत: आठ मिनिटं धावण्याचे प्रकार, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, आणि शेवटी दोन मिनिटं वेगाचं धावणं. हे वॉर्म-अपच्या जागी करायचं, वॉर्म-अपनंतर जोडकाम म्हणून नाही. बिघडतं दोन ठिकाणी. पहिलं, प्रशिक्षक शंकू मांडत राहतो आणि मुली गप्पा मारत गुडघे आत घालून उड्या मारतात, म्हणजे चुकीच्या हालचालीचाच सराव होतो. दुसरं, तीन आठवडे उत्साहाने होतं आणि मग ‘आज वेळ नाही’ सुरू होतं. आठवड्यातून दोनदा, हंगामभर, आणि प्रत्येक उडीला कुणाची तरी नजर, एवढं पाळलं तरच त्याचा उपयोग.

दर तीन महिन्यांनी उडी तपासा. ३० सेंटीमीटर उंच ठोकळा, तीन मीटर समोर, गुडघ्याच्या उंचीवर मोबाइल. मुलगी ठोकळ्यावरून उतरते आणि लगेच जमेल तितकी उंच उडी मारते, असं तीनदा. व्हिडिओ सावकाश चालवून बघा. गुडघे पावलांच्या आतल्या बाजूला जातात का, दोन्ही पाय एकाच वेळी टेकतात का, धड एका बाजूला झुकतं का. दहाव्या वर्षी सुरेख उतरणारी मुलगी बाराव्या वर्षी कोसळल्यासारखी उतरू शकते, कारण पाय लांब झाले आणि ते सावरणारी ताकद अजून आलेली नाही. तिला पुन्हा शिकवायचं. आधी दोन पायांवर शांत उतरणं, मग एका पायावर, मग वळून, आणि शेवटी चेंडूसोबत.

ताकदीचं काम शिखरकाळाची वाट न बघता सुरू करा. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, वीस-पंचवीस मिनिटं. बैठका, एक पाय पुढे ठेवून बैठका, पाठीवर झोपून कंबर उचलणं, कुशीवरचा प्लँक, यांचे दोन-तीन संच आणि प्रत्येकी आठ-दहा वेळा. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी जोडीदाराने घोटे धरून पुढे सावकाश झुकण्याचा नॉर्डिक व्यायाम, सुरुवातीला तीन ते पाच वेळाच. त्यापेक्षा जास्त केलं की दोन दिवस चालता येत नाही आणि मुली तो व्यायाम कायमचा नाकारतात.

‘वजन कमी कर म्हणजे वेग येईल’ हे वाक्य या काळात कुणीही उच्चारू नये. वाढत्या वयात खेळाच्या मानाने कमी खाल्लं तर पाळी लांबते, हाडं कमकुवत होतात आणि ताणाने हाडाला चीर जाण्याचा धोका वाढतो. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आलेलीच नाही, किंवा सुरू झाल्यावर सलग तीन महिने चुकली, तर तो सरावाचा दुष्परिणाम म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा. पाळीत खूप रक्तस्राव होणाऱ्या आणि सतत दमलेल्या मुलीचं लोहही तपासून घ्या.

ट्रायल

एका दिवसाच्या, अकरा विरुद्ध अकराच्या ट्रायलमध्ये कित्येक मुलींना पूर्ण वेळेत पंधरा-वीसदाच चेंडू मिळतो, आणि मोठ्या मैदानावर लांब पाय जिंकतात. त्याऐवजी चार विरुद्ध चार खेळवा. मैदान ३० बाय २० मीटर, छोटे गोल, गोलकीपर नाही. चार मिनिटांचा सामना, दोन मिनिटं विश्रांती, असे सहा सामने, आणि प्रत्येक सामन्यात संघ बदलायचे. जिंकलेल्या संघातल्या प्रत्येक मुलीला ४ गुण, बरोबरीला २, हरल्यास शून्य, आणि संघाच्या प्रत्येक गोलला १ गुण. सोबतीणी सतत बदलत असल्यामुळे शेवटी बेरजेत वर येणारी मुलगी, जिच्यासोबत खेळेल तिला चांगलं खेळवणारी निघते. हे वेगवेगळ्या तीन दिवशी करा. तेरा वर्षांखालच्या मुलींना चार नंबरचा चेंडू द्या.

पण या गुणांतही वाढीचा फायदा घुसतोच. म्हणून तीनपैकी एक दिवस गट वाढीच्या टप्प्यावरून पाडा: ८८ टक्क्यांखालच्या एकत्र, वरच्या वेगळ्या. इथे डोळे उघडतात. मोठ्या मुली आता धक्क्याने चेंडू घेऊ शकत नाहीत, त्यांना विचार करून खेळावं लागतं. छोट्या मुली पहिल्यांदा ड्रिबल करतात, गोलवर मारतात, ओरडून मागणी करतात. मुलांच्या फुटबॉलमध्ये असे गट चौदाव्या-पंधराव्या वर्षापर्यंत करता येतात. मुलींमध्ये साडेतेरानंतर बहुतेक जणी ९५ टक्क्यांच्या वर असतात आणि टक्केवारीने गट पाडण्यात अर्थ उरत नाही. दहा ते तेरा ही त्याची वर्षं. आणि हे कायमचे गट नव्हेत. वयोगटातलं खेळणं चालूच राहायला हवं, मैत्रिणी तिथे असतात.

निरीक्षक तीन हवेत, आणि त्यांनी आपसात बोलण्याआधी गुण लिहून द्यायचे. प्रत्येकाला मोजक्याच गोष्टी बघायला द्या:

– चेंडू येण्याआधी मान वळवून बघते का, किती वेळा
– पहिला स्पर्श मोकळ्या जागेकडे जातो की अंगाखाली अडकतो
– दडपण आल्यावर काय निवडते, आणि ते वेळेत निवडते का
– चेंडू गेल्यावर पुढची तीन सेकंद काय करते
– दुसरा पाय वापरते का

‘जिद्द’, ‘ॲटिट्यूड’ असले रकाने ठेवू नका. त्यात निरीक्षकाची आवड भरली जाते.

बिबचे, म्हणजे कपड्यांवरून घालायच्या बिनबाह्यांच्या बंडीचे, नंबर टप्प्याच्या क्रमाने द्या: सर्वांत कमी वाढ झालेल्या मुलीला १, सर्वांत जास्त झालेल्या मुलीला शेवटचा. नेदरलँड्समध्ये २०१७ च्या सुमाराला झालेल्या एका प्रयोगात वयाच्या क्रमाने नंबर लावल्यावर आणि निरीक्षकांना ते माहीत असल्यावर निवडीतला जन्मतारखेचा कल कमी झाला. कागदावर जन्मतारीख लिहून दिल्याने तेवढं साधत नाही, पण पाठीवरचा आकडा दर क्षणी डोळ्यांसमोर असतो. क्रमाचा अर्थ निरीक्षकांपुरताच ठेवा, मुलींना सांगू नका.

धावण्या-उडीच्या चाचण्या दोनच ठेवा, १० आणि ३० मीटर धावणं आणि जागेवरून उभी उडी. तीन प्रयत्न, मध्ये तीन मिनिटं विश्रांती, सर्वोत्तम धरायचा. निकाल दोन रांगांत लिहा: वयोगटात कितवी, आणि आपल्या टप्प्यातल्या मुलींत कितवी.

निर्णयाची बैठक

आता त्या दोघी पुन्हा. उंच मुलगी वयोगटात ३० मीटरला दुसरी, पण ९६ टक्क्यांच्या वरच्या मुलींत सातवी. मान वळवून बघणं क्वचित, दुसरा पाय नाही. छोटी वयोगटात अठरावी, तिच्या टप्प्यात तिसरी, आणि निरीक्षणाच्या पाचपैकी चार रकान्यांत वरच्या चौघींत. उंच मुलीला नाकारा असा याचा अर्थ नाही. तिला आता अशा खेळाची गरज आहे जिथे शरीर चालणार नाही. आठवड्यातला एक सराव मोठ्या मुलींसोबत किंवा मुलांसोबत, आणि वेगाचं, ताकदीचं काम आजपासून. छोटीला यादीत घ्या, आणि तिच्या नावापुढे लिहा: वेगाची तुलना शिखरकाळानंतर.

आमच्या मते दोन नियम लेखी असावेत. शिखरकाळात असलेल्या मुलीला त्याच काळात कमी करायचं नाही, निर्णय सहा ते नऊ महिने पुढे ढकलायचा. आणि यादीतल्या दर आठ जागांमागे किमान एक उशिरा वाढणाऱ्या मुलीसाठी राखायची. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेने उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय पातळीवर वेगळा संघच चालवला. लहान क्लबला संघ परवडणार नाही, एक-दोन जागा नक्की परवडतात. चौदा वर्षांच्या आधी कुणाचंही नाव वहीतून कायमचं खोडू नका.

ज्या मुली यादीत आल्या नाहीत त्यांना निकाल भिंतीवरच्या कागदावर वाचायला लावू नका. मुलगी आणि पालक समोर बसवून दहा मिनिटं द्या. ‘अजून लहान आहेस’ एवढंच म्हणू नका, उंचीवर तिचा काही ताबा नाही. तिला तीन गोष्टी लिहून द्या: या तीन दिवसांत तिने चांगलं केलेलं एक नेमकं काम, पुढच्या चार महिन्यांत करायची दोन कामं, आणि पुढच्या मोजमापाची व खेळून दाखवण्याची तारीख. ती तारीख क्लबच्या वहीतही, त्याच दिवशी, नावासकट लिहून ठेवा.